टिटो पुएन्ते: केवळ टिंबालेचे बादशहा की त्याहून अधिक काही?

वर्तकनगरची रसिका (ठाणे):

सर्व जाणकारांना नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरील एका नृत्यवर्गात मी साल्सा शिकते. तेथे सरावासाठी जी ध्वनिमुद्रणे लावली जातात त्यांत न्यूयॉर्कचे लॅटिन नृत्यसंगीताचे मेळप्रमुख टिटो पुएन्ते हे नाव सतत येत राहिल्यामुळे मी ती घरी शांतपणे ऐकू लागले आणि पाहता पाहता त्यांत गुंतत गेले. आमच्या वसाहतीतील संगीतप्रेमी मंडळी अधूनमधून एकत्र जमतात आणि कोणीतरी एक जण एखाद्या कलावंताविषयी, त्याची ध्वनिमुद्रणे ऐकवत, पाऊण तास बोलतो. पुढच्या बैठकीत बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मी पुएन्ते यांचे नाव दिले आहे. ऐकणारे बहुतेक जण गडकरी रंगायतनात नाट्यसंगीत आणि शास्त्रीय मैफली ऐकत आलेले आहेत. त्यांचा कान तयार आहे, पण हे संगीत त्यांना सर्वस्वी नवे आहे, त्यामुळे वरवरचे बोलून भागणार नाही.

ठळक तपशील माझ्याजवळ आहेत. जन्म १९२३, मृत्यू २०००, हयातीत पाच ग्रॅमी पुरस्कार, शंभराहून अधिक अल्बम आणि ‘टिंबालेचा राजा’ ही उपाधी (टिंबाले म्हणजे काठ्यांनी वाजवायची पिंपांची जोडी). अडचण अशी की हे सगळे सांगून झाल्यावरही या माणसाने नेमके काय केले हे मलाच नीट मांडता येत नाही. ते गायक म्हणून ओळखले जात नाहीत, माम्बो हा क्युबन नृत्यसंगीताचा प्रकार त्यांनी शोधून काढला असेही नाही, आणि त्यांचे सर्वांत गाजलेले गीत जगाला दुसऱ्याच्याच वादनातून माहीत झाले. मग पंधरा-वीस वादकांच्या मेळाचा प्रमुख म्हणून त्यांचे कर्तृत्व कशात शोधावे? तालवाद्य वाजवणारा माणूस रचनाकारही असू शकतो हे श्रोत्यांना कानाने पटवून द्यायचे असेल तर कोणते ध्वनिमुद्रण ऐकवावे? कृपया सविस्तर लिहावे.

नेरूळचा जुना ट्रंपेट:

रसिकाताई, तुम्ही विषय चांगला निवडला आहे आणि प्रश्न त्याहून चांगला विचारला आहे. मी अनेक वर्षे वाद्यवृंदांत ट्रंपेट वाजवला आणि पुढे इतरांसाठी नोटेशन लिहून देण्याचे कामही केले, त्यामुळे पुएन्ते यांच्याकडे मी आधी अरेंजर म्हणून, म्हणजे मेळातील प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे ते लिहून देणारा म्हणून पाहतो आणि वादक म्हणून नंतर. त्यांच्या हातातल्या काठ्या सगळ्यांना दिसतात, पण समोरच्या स्टँडवरचा कागदही त्यांनीच लिहिलेला असे, हे सहसा लक्षात येत नाही.

त्यांची जडणघडण पाहिली की हे स्पष्ट होते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी २० एप्रिल १९२३ रोजी त्यांचा जन्म झाला आणि ज्या वस्तीला तेथील लोक ‘एल बारियो’ म्हणतात त्या पूर्व हार्लेममध्ये ते वाढले. लहानपणी हाताला लागेल ते बडवत असत म्हणून आईने त्यांना पियानोच्या शिकवणीला घातले. ड्रम शिकताना जीन क्रुपा हे जॅझमधील ड्रमवादक त्यांचे दैवत होते, आणि बहिणीबरोबर नाचाचे कार्यक्रम करता करता नर्तक व्हायचे त्यांचे स्वप्न होते, ते घोट्याच्या दुखापतीमुळे मागे पडले. नाचणाऱ्याच्या पायाला काय हवे असते हे त्यांना ऐकून नव्हे तर स्वतःच्या अंगाने माहीत होते, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनाचे मूळ तेथे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते क्युबन संगीत वाजवणारे मेळप्रमुख माचितो यांच्या वाद्यवृंदात वाजवत होते. तेवढ्यात नौदलात भरती झाली. ‘सॅन्टी’ या विमानवाहू जहाजावर असताना, चार्ली स्पिव्हाक यांच्या बँडसाठी लेखन केलेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी वाद्यमेळासाठी लिहिण्याचे पहिले धडे घेतले. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकी सरकार करत असे. त्या योजनेचा लाभ घेऊन ते जुलिअर्ड या नामांकित संगीतविद्यालयात दाखल झाले आणि संगीतसंचालन, वाद्यमेळलेखन व संगीतशास्त्र शिकले. म्हणजे दिवसा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा अभ्यास आणि रात्री नाचघरात वादन, अशी ही घडण आहे. होसे कुर्बेलो आणि पुपी काम्पो यांच्या वाद्यवृंदांत काम केल्यावर, काम्पो यांच्यासाठी लेखनही केल्यावर, १९४०चे दशक संपता संपता त्यांनी स्वतःचा मेळ उभा केला. १९४९ मध्ये विसेंतिको वाल्देस यांच्या आवाजातील ‘अबानिकितो’ गाजले आणि नाव झाले.

त्यानंतरचा काळ पॅलेडियमचा. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर असलेले हे नाचघर माम्बोचे माहेरघर ठरले. फेडेरिको पगानी नावाच्या आयोजकाने तेथे लॅटिन संगीताला जागा मिळवून दिली. पुएन्ते यांचा सुरुवातीचा मेळ उचलून धरणारेही तेच. पॅलेडियमचे वैशिष्ट्य असे की पोर्तो रिकन, क्युबन, आफ्रिकी-अमेरिकी, ज्यू, इटालियन असे सगळे लोक एकाच जमिनीवर नाचत, आणि ते ज्या काळी अमेरिकेत कायद्याने व रिवाजाने माणसे वेगळी ठेवली जात होती त्या काळी. जवळच बर्डलँड हे जॅझचे प्रसिद्ध ठिकाण होते, त्यामुळे जॅझचे वादक मधल्या सुट्टीत इकडे येऊन ऐकत उभे राहत. माचितो, टिटो पुएन्ते आणि टिटो रॉड्रिगेस या तिघांचे वाद्यवृंद एकाच रात्री आळीपाळीने वाजत आणि कोणाच्या वेळी जमीन जास्त भरते हे सर्वांना उघड दिसे. ही परीक्षा समीक्षकांपेक्षा कठोर होती, कारण नाचणारा माणूस सभ्यपणे टाळ्या वाजवत नाही, तो सरळ कडेला जाऊन बसतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पुएन्ते लिहीत काय होते? एखादी माम्बो रचना घ्या. सुरुवातीला छोटा प्रवेश, मग गायकाचे कडवे, त्यानंतर समूहगायक एकच ओळ परत परत म्हणतात आणि मुख्य गायक त्यांच्या मधल्या जागेत उत्स्फूर्त ओळी घालतो, तो भाग म्हणजे मोंतुनो. मोंतुनो रंगल्यावर गायक थांबतात आणि सुषिर वाद्ये ताबा घेतात. सॅक्सोफोनचा गट एक छोटी स्वरावली धरतो आणि सोडत नाही. तीवर ट्रंपेट दुसरी, पहिलीच्या मोकळ्या जागांत बसणारी स्वरावली ठेवतात. ट्राँबोन तिसरी आणतात. एकही स्वरावली फार मोठी नसते, पण त्या एकावर एक चढत जातात तसतसा ताण वाढतो आणि वेग न वाढवताही वेग वाढल्यासारखा वाटतो. हे थर कुठे सुरू करायचे, कुठे अचानक सगळे थांबवून नुसती तालवाद्ये ठेवायची, कुठे ट्रंपेट एकदम वरच्या पट्टीत न्यायचे, हा सगळा हिशेब कागदावर असतो. मी स्वतः असे चौघांचे ट्रंपेट लिहिण्याचा प्रयत्न केलेला आहे. चारही वाद्ये जवळजवळच्या स्वरांत ठेवली की आवाज धारदार येतो, पण ओठ लवकर थकतात, आणि थकलेल्या ओठांना पुढच्या रचनेपूर्वी विसावा देण्यासाठी कोणत्या आठ मात्रा सॅक्सोफोनला द्यायच्या याचाही विचार लिहिणाऱ्यालाच करावा लागतो. पुएन्ते यांच्या मांडणीत ही जाण जागोजागी दिसते.

ऐकवण्यासाठी १९५८ चा ‘डान्स मेनिया’ घ्या. आरसीए कंपनीने काढलेला हा अल्बम त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानला जातो आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केला आहे. सांतितोस कोलोन यांचा आवाज, रे बारेत्तो यांचे काँगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल), आणि पुएन्ते स्वतः टिंबाले, तसेच व्हायब्राफोन व मारिंबा ही पट्ट्यांवर ठोकून वाजवायची वाद्ये वाजवताना. त्यातील ‘एल कायुको’ आधी ऐकवा, कारण ते सोपे आहे. ‘हाँगकाँग माम्बो’ नंतर, कारण त्यात मारिंबाची धून आणि ट्रंपेट यांचा संवाद आहे. लिहिणारा आणि वाजवणारा एकच आहे हे तेथे आपोआप उमगते.

घणसोलीचा ताल:

काकांनी लेखनाची बाजू इतकी सुंदर उलगडली आहे की मी केवळ तालाविषयी लिहितो. मी घणसोली गावातला आहे आणि हळदी-लग्नांत वाजणाऱ्या ब्रास बँडमध्ये टिंबाली वाजवतो. बँजो पार्टीतही हीच जोडी दिसते. आमच्याकडे ती बहुधा स्टँडवर किंवा गाडीवर असते आणि वाजवणारा उभा असतो, त्यामुळे आपल्याकडे त्यात नवल वाटणार नाही. परंतु १९४०च्या दशकातील न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदांत तालवादक मागच्या रांगेत असत. पुएन्ते यांनी टिंबाले मंचाच्या पुढच्या कडेला आणली आणि ती उभ्याने वाजवली. यात देखावा होताच, पण उपयोगही होता. मेळाचा प्रमुख समोर उभा राहून वाजवत असल्यामुळे नाचणारे त्याला दिसत होते, आणि मागे वळून काठीच्या एका इशाऱ्याने तो सगळ्या वादकांना पुढच्या भागात नेऊ शकत होता. हळदीच्या रात्री अंगणात पाहावे, नवऱ्याकडची मंडळी रंगात आली की आमचे बँडमास्तर सूर संपू देत नाहीत, नुसती मान हलवून तोच तुकडा पुन्हा घ्यायला लावतात. मोंतुनो लांबवणे हे तेच काम आहे.

वाद्य असे असते. धातूच्या उथळ पिंपांची जोडी, वरच्या बाजूला एकेकच चामडे, एकाचा सूर उंच आणि दुसऱ्याचा खाली, मध्ये किंवा वर लावलेल्या एक-दोन घंटा, लाकडी ठोकळा आणि बाजूला झांज. काठ्या बारीक आणि सरळ असतात, ड्रमच्या काठीसारखे टोकाला बोंड नसते. क्युबातील दान्सोन या नृत्यसंगीतात वाजणाऱ्या मोठ्या पाश्चात्त्य नगाऱ्यांपासून हे वाद्य घडत आले आहे.

तुमच्या श्रोत्यांना ताल समजावण्यासाठी क्लाव्हे, म्हणजे या संगीताची पायाभूत तालचौकट, हाताने वाजवून दाखवा. चार-चार मात्रांचे दोन खंड धरा. पहिल्या खंडात तीन आघात असतात: पहिल्या मात्रेवर, दुसऱ्या मात्रेच्या अर्ध्यावर आणि चौथीवर. दुसऱ्या खंडात दोनच आघात: दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेवर. झाले. ही पाच आघातांची चौकट कोणी वाजवो अथवा न वाजवो, गायकापासून बासपर्यंत प्रत्येक जण ती मनात धरून असतो, आणि एखाद्या ट्रंपेटची स्वरावली तिच्या उलट पडली तर जाणकारांना ते लगेच टोचते. रचना दोनच्या खंडापासूनही सुरू होऊ शकते. एकदा सुरू झाली की मात्र चौकट मध्येच फिरत नाही.

ख्याल ऐकणाऱ्यांची येथे एक अडचण होईल, तिची पूर्वकल्पना द्यावी. आपला कान समेची वाट पाहतो आणि समेवर वजन अपेक्षितो. या संगीतात बास पहिल्या मात्रेवर बहुधा वाजतच नाही. तो आधीच्या खंडाच्या चौथ्या मात्रेवरच पुढचा स्वर गाठतो आणि सम रिकामी सोडतो. काँगाचा चापटीचा बोल दुसऱ्या मात्रेवर आणि मोकळे बोल चौथीवर येतात. म्हणून सुरुवातीला काहीच पकडता येत नाही आणि मग अचानक पाय आपोआप हलू लागतात.

पुएन्ते यांचे वादन ऐकताना एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. कडवे चालू असताना ते चामड्यावर नव्हे, तर पिंपाच्या कडेच्या धातूवर काठीने वाजवतात. त्याला कास्कारा म्हणतात आणि त्याचा आवाज कोरडा, गायकाला न झाकणारा असतो. मोंतुनो सुरू होण्याच्या क्षणी चामड्यावर एक छोटा, दाबून धरलेला कडकडाट होतो आणि काठी घंटेवर जाते. सगळ्या मेळाचा आवाज जणू उघडतो. नृत्यवर्गातही हा बदल ऐकून पाहा, तुमच्या पायांना तो आधीच कळत असणार. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकून नाचण्याची जी पद्धत एडी टोरेस यांनी शिकवून जगभर नेली, ते टोरेस पुएन्ते यांच्या वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम करत असत आणि त्यांना स्वतःचा नृत्यसंच उभारण्याचे प्रोत्साहन पुएन्ते यांनीच दिले होते.

केवळ ताल ऐकवायचा असेल तर ‘पुएन्ते इन पर्कशन’ हा १९५० च्या दशकातील अल्बम आहे. पुएन्ते, मोंगो सांतामारिया, विली बोबो आणि पाताटो वाल्देस हे चार तालवादक, साथीला फक्त बास. ना पियानो, ना ट्रंपेट. त्या काळी नाचाच्या बाजारपेठेत असा अल्बम काढणे हे धाडसच होते.

पाचपाखाडीचा श्रोता:

वरील दोन्ही प्रतिसाद मला मनापासून आवडले. तरीही रसिकाताईंनी पाऊण तासात एकाच माणसाला सर्व श्रेय देऊ नये, एवढे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण लोकप्रिय लेखांत नेहमी तसे होते आणि ज्यांच्या खांद्यावर पुएन्ते उभे राहिले ती माणसे अंधारात राहतात.

क्युबन ताल आणि अमेरिकी बिग बँडचे वाद्यलेखन यांचा मेळ घालण्याचे काम पुएन्ते यांच्या आधी झाले होते. माचितो यांचा ‘आफ्रो-क्युबन्स’ हा वाद्यवृंद १९४० मध्ये सुरू झाला आणि त्याचे संगीतसूत्रधार होते मारियो बाउसा, म्हणजे हवानात अभिजात शिक्षण घेतलेले आणि न्यूयॉर्कच्या जॅझ मेळांत ट्रंपेट वाजवलेले क्युबन संगीतकार. बाउसा यांची ‘टांगा’ ही १९४३ ची रचना आफ्रो-क्युबन जॅझची पहिली खरी रचना म्हणून ओळखली जाते. जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांना क्युबन तालाची गोडी लावणारेही बाउसाच, आणि १९४७ मध्ये क्युबन काँगावादक चानो पोसो यांची गाठ त्यांनीच गिलेस्पी यांच्याशी घालून दिली. पुएन्ते तरुणपणी याच माचितो-बाउसा घराण्यात शिकले. आपण एखाद्या गायकाची ओळख करून देताना गुरूचे नाव आधी घेतो, तसे येथेही घ्यावे.

माम्बो जगभर पोहोचवला तो क्युबन मेळप्रमुख पेरेस प्रादो यांनी, तेही न्यूयॉर्कहून नव्हे, मेक्सिकोहून. त्यांचे ‘चेरी पिंक’ १९५५ मध्ये अमेरिकेत दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. एवढे व्यापारी यश पुएन्ते यांच्या वाट्याला कधी आले नाही. प्रादो यांची मांडणी ठसठशीत आणि सोपी असे, पुएन्ते यांची दाट आणि नाचायला अधिक आव्हानात्मक. मला दुसरी जास्त आवडते, पण ही माझी आवड झाली.

टिटो रॉड्रिगेस यांच्याविषयीही दोन शब्द हवेत. दोघेही १९२३ मध्ये जन्मलेले, कुर्बेलो यांच्या वाद्यवृंदात एकत्र काम केलेले, आणि पॅलेडियमच्या फलकावर कोणाचे नाव वर असावे यावरून वर्षानुवर्षे रुसलेले. रॉड्रिगेस गायक होते. त्यांचा आवाज मखमली आणि वाद्यवृंद काटेकोर शिस्तीचा होता. १९७३ मध्ये ते गेले. पुएन्ते त्यांच्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ वाजवत राहिले, म्हणून इतिहासात दोघांची उंची आज वेगळी दिसते. त्या काळी नाचणाऱ्यांना ती इतकी वेगळी दिसत नव्हती.

आणि सहकाऱ्यांचे काय? सांतामारिया आणि बोबो हे दोघे अव्वल वादक १९५०चे दशक संपण्याच्या आत पुएन्ते यांना सोडून कॅलिफोर्नियात व्हायब्राफोनवादक कॅल जेडर यांच्याकडे गेले. ला लुपे या विलक्षण क्युबन गायिकेला पुएन्ते यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रणांनी १९६०च्या दशकात शिखरावर नेले, पण तीही जोडी टिकली नाही. एवढी माणसे घडवणारा मेळ चालवणे मोठेच काम आहे, मात्र त्या माणसांनी मेळाला काय दिले हेही ऐकणाऱ्यांसमोर यायला हवे.

वर्तकनगरची रसिका (ठाणे):

तुम्हा तिघांचे मनःपूर्वक आभार. कास्काराचा मुद्दा वाचल्यावर ‘एल कायुको’ पुन्हा ऐकले आणि घंटेवर जाणारी काठी प्रथमच वेगळी ऐकू आली. पाचपाखाडीच्या दादांचा आग्रहही मला पूर्ण पटतो. आता बोलण्याची सुरुवात मी ‘टांगा’ या रचनेनेच करणार आहे.

दोन गोष्टी अजून विचारते. पॅलेडियम बंद झाल्यावर इतर मोठे वाद्यवृंद मोडले, मग पुएन्ते कसे टिकले? आणि आमच्या ज्येष्ठ श्रोत्यांना जवळचा वाटेल असा, मुंबईच्या संगीताकडे जाणारा एखादा दुवा आहे का?

नेरूळचा जुना ट्रंपेट:

पाचपाखाडीकरांनी माचितो आणि बाउसा यांची आठवण काढली हे फार बरे झाले. स्वतः पुएन्ते त्यांचा उल्लेख कायम आदराने करत, त्यामुळे त्यांना या क्रमाचे वाईट वाटले नसते.

टिकण्याविषयी. पॅलेडियमचा मद्यपरवाना गेला आणि १९६६ मध्ये ते नाचघर बंद पडले. पण कारण तेवढेच नव्हते. रॉक आले, तरुणांची आवड बदलली, लॅटिन ताल आणि अमेरिकी सोल संगीत यांची सरमिसळ असलेल्या बुगालूची लाट आली, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे खर्च. पंधरा-अठरा वादकांना दर रात्री पैसे देणे, त्यांचा प्रवास, गणवेश, नोटेशन उतरवून घेण्याची मजुरी हे सगळे प्रमुखाच्या खिशातून जाते. आठ-दहा जणांचा छोटा संच त्याच मंचावर निम्म्या पैशांत वाजतो, तेव्हा आयोजक कोणाला बोलावणार हे सांगायला नको. पुएन्ते यांनी त्या काळात हट्ट धरला नाही. बुगालूही वाजवले, ला लुपे यांच्यासाठी आणि पुढे क्युबन गायिका सेलिया क्रूझ यांच्यासाठी वाद्यमेळ लिहिला, दूरचित्रवाणीवरही काम केले. सेलिया क्रूझ यांच्याबरोबरचे त्यांचे नाते मात्र अखेरपर्यंत टिकले.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्यांनी १९६२-६३ च्या सुमारास ‘एल रेय ब्राव्हो’ या अल्बममध्ये ‘ओये कोमो वा’ हे चाचाचा या क्युबन नृत्यप्रकारातील गीत लिहिले होते. रॉक गिटारवादक कार्लोस सांताना यांनी ते १९७० च्या ‘अब्राक्सस’ या अल्बममध्ये इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनवर घेतले आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेले. पुष्कळांनी ते गीत सांताना यांचेच मानले. पुएन्ते यांना रचनाकाराचे मानधन मिळत राहिले आणि रॉक ऐकणारी एक संपूर्ण पिढी त्यांच्या दाराशी आली. ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐकवा. सांताना यांनी चाल, ठेका आणि मूळची स्वरावली जवळपास तशीच ठेवली आहे, वाद्ये तेवढी बदलली. मुळातले लेखन किती पक्के होते हे यावरून कळते. मूळ रचनेच्या सुरुवातीच्या ठेक्यात क्युबन बासवादक काचाओ यांच्या ‘चांचुयो’ची छाया आहे, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

मोठा मेळ परवडेना तेव्हा त्यांनी १९८०च्या दशकात लहान लॅटिन जॅझ संच बांधला. मला कारकिर्दीचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. ‘ऑन ब्रॉडवे’ या अल्बममध्ये व्हायोलिन आणले, जॅझच्या जुन्या रचना क्लाव्हेच्या चौकटीत बसवल्या, आणि थोड्या वाद्यांतून मोठ्या मेळाचा भरीवपणा कसा उभा करायचा हे दाखवले. पाचांपैकी तीन ग्रॅमी याच काळातील संचाला मिळाले. १९९१ मध्ये त्यांचा शंभरावा अल्बम म्हणून एक खास अल्बम निघाला, १९९७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक मिळाले. वयाच्या ७७व्या वर्षी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर २००० साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे कार्यक्रम चालूच होते. आता पूर्व हार्लेममधील ११०व्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

घणसोलीचा ताल:

मुंबईच्या दुव्याविषयी मी लिहितो. पुएन्ते आणि हिंदी चित्रपटसंगीत यांचा थेट संबंध जोडू नये. मात्र ज्या काळी पॅलेडियम भरत होते त्याच काळी मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे गोमंतकीय वादक रुंबा आणि माम्बोचे ठेके येथे वाजवत होते आणि तेच दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांचे सहायक होते आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा मेळ पडद्यावरही दिसतो. बाँगो, काँगा, माराकास ही वाद्ये चित्रपटांच्या वाद्यमेळात रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा आहे आणि त्यांचे पुत्र केर्सी लॉर्ड यांनी ते काम पुढे नेले. तुमच्या ज्येष्ठ श्रोत्यांच्या कानावर हे ठेके तरुणपणापासून आहेत.

म्हणून क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन. आधी ‘अलबेला’तील एखादे नाचाचे गीत, ओळखीचे म्हणून. मग क्लाव्हे टाळ्यांवर सर्वांकडून करून घ्या. पहिला खंड अर्ध्या जणांना द्या आणि दुसरा उरलेल्यांना, म्हणजे चुकणार नाही. त्यानंतर ‘टांगा’, ‘एल कायुको’, आणि ‘ओये कोमो वा’ची दोन्ही रूपे. ‘पुएन्ते इन पर्कशन’मधील तुकडा सर्वांत शेवटी आणि दोन मिनिटांहून अधिक नको. साधा मोबाईलचा स्पीकर मात्र वापरू नका, त्यात बास ऐकूच येत नाही, आणि बास ऐकू आला नाही तर मोकळी सोडलेली सम श्रोत्यांना दाखवता येणार नाही. वसाहतीच्या सभागृहात मोठा स्पीकर नसेल तर कळवा, आमच्या बँडचा मी घेऊन येईन.